मुदतीचं व्रत

"हेच का रे ते?" एक डोळा मिटून, दुसरा मायक्रोस्कोपला लावून आत्तीनं विचारलं.

"हेच."

"जांभळं जांभळं दिसायलंय की सगळं."

"तो रंग आम्ही घातलाय. मूळचा नव्हे."

"आणि हलत न्हाईत ते?"

"मेलेत आत्ती. गाठीचा तुकडा औषधात घातला की पेशी मरतात, मग त्याची चकती कापायची."

तिनं झटकन डोळा काढून घेतला. "माझ्यापायी मारलंस व्हय रे त्यांना?"

मला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा. तिच्या गळ्यातल्या गाठीचा तुकडा सर्जननं माझ्याकडं पाठवला होता, चार दिवस ती स्लाइड मी उलटसुलट पाहिली होती, आणि कर्करोग म्हणून लिहून मोकळा झालो होतो. हे तिला कसं सांगायचं म्हणून मी घसा खाकरत बसलो, तर तिनंच, मला बघू दे तरी म्हणून स्टूल ओढलं. ती अशीच होती.

तिनं पुन्हा डोळा लावला. "हितं मधी गठ्ठं गठ्ठं हायेत. आणि ह्या कडंला सुटं सुटं. असं का?"

"कापताना विस्कटतात कधीकधी."

"असं होय," म्हणून ती उठली आणि पदर सारखा करून बाहेरच्या बाकावर आण्णाच्या शेजारी जाऊन बसली.

आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ जिनगोंडा. गावाकडं शेती बघायचा. टोपी काढून गुडघ्यावर ठेवून तो बसला होता आणि माझ्या तोंडाकडं बघत होता. मी नकारार्थी मान हलवली.

"किती?" त्यानं विचारलं.

"सहा महिने. फार तर."

"मुंबईला न्हेऊ या."

"कुठं न्यायचं नाही," आत्ती म्हणाली. "मला समाधी घ्यायची हाय, अन्नपाणी सोडून जायचंय. गाठ कळली तवाच, चातुर्मासाला आलेल्या महाराजांना विचारून झालंय. ते म्हणाले, तुमच्या डॉक्टरला घेऊन या, त्याच्याशी बोलायचंय. तेवढ्यासाठीच आलोय तुला न्ह्यायला."

ही गोष्ट एकोणीसशे शहाऐंशीची. दिवाळी नुकतीच झाली होती. माझं वय छत्तीस, सांगलीत स्वतःची पॅथॉलॉजी लॅब, आणि आजूबाजूच्या चार तालुक्यांत माझ्या रिपोर्टवर कुणी बोट ठेवत नाही असा माझा समज. समज खराही होता. तोच नडला.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, अनंतमती. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. मी तीन वर्षांचा असताना आई गेली, आणि आम्हा दोघा भावांना आत्तीनं वाढवलं. आम्ही जैन, नदीकाठचे शेतकरी. सूर्य बुडायच्या आत जेवायचं, कंदमुळं खायची नाहीत आणि पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही. ह्यातलं पाणी गाळणं आत्तीच्या जिवाभावाचं. विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून हंड्यात गाळायचं, मग ते कापड उलटं करून वरून गाळलेलं पाणी ओतायचं, आणि कापडाला चिकटलेले जीव त्या पाण्याबरोबर पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडायचे. दुसऱ्या विहिरीत नाही. ज्यांचं घर जिथं, तिथंच.

मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीत एक जुना मायक्रोस्कोप घरी आणला होता. मला तिची फिरकी घ्यायची होती. विहिरीच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवून मी तिला दाखवला. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आता दिसलं न्हवं तुला? मी न बघताच गाळतीया."

मी चिडलो. म्हटलं, आता गाळलेलं बघ. गाळलेल्या थेंबातही काहीबाही वळवळत होतं. ती उठून आत गेली. पोथी गेली उडत, असं मनातल्या मनात म्हणून मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर हंड्याच्या तोंडावर कापडाच्या दोनाच्या चार घड्या होत्या.

"हे कुठल्या पोथीत लिहिलंय?" मी विचारलं.

"पोथीत गाळा म्हणून लिहिलंय. किती घड्या ते तुझ्या भिंगानं सांगितलं," ती म्हणाली आणि कापड उलटं करायला विहिरीकडं गेली.

तर आम्ही तिघं एसटीनं गावी निघालो. वाटेत आण्णा एकदाच बोलला, "भूपाल, एकदा मुंबईला दाखवायला काय हरकत हाय?" मी त्याला कर्करोगाचं पसरणं वगैरे समजावून सांगितलं. तो ऐकत राहिला. चौथी शिकलेला माणूस धाकट्या डॉक्टर भावापुढं काय बोलणार? आत्ती खिडकीला टेकून डोळे मिटून बसली होती. ताप होताच. गाव जवळ आल्यावर तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"महाराज काय काय इचारतील. फाटे फोडू नकोस. नळ्या लावून मरायचं न्हाई मला."

पुढं पुष्कळ वर्षं मी तिच्या ह्या वाक्याच्या आडोशाला राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीत गेलो. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. समोरच्या मंडपात महाराज लाकडी पाटावर बसले होते. शेजारी मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, ह्याखेरीज त्यांच्याकडं काही नव्हतं, अंगावर सूतही नाही. चातुर्मास संपला होता. पाच दिवसांनी ते गाव सोडून चालत पुढं जाणार होते. शे-दीडशे माणसं जमली होती. आत्ती बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यात. आण्णा खांबाला टेकून उभा.

मी 'नमोस्तु' म्हणून बसलो. खरं सांगायचं तर मला साक्षीला बोलावलंय अशी माझी समजूत होती, निवाड्याला नव्हे. पोथीत जे ठरलंय ते होणारच, आता गावापुढं एका डॉक्टरची मान डोलवून घ्यायची आहे, असं धरून मी गेलो होतो. त्यामुळं थोडा फुरंगटूनच बसलो होतो.

"आजार काय आहे?" महाराजांनी विचारलं.

"कर्करोग. शरीरात दुसरीकडं कुठंतरी सुरू होऊन गळ्यात आलेला."

"उपाय?"

"नाही."

"मुंबईला? परदेशात?"

"ह्या अवस्थेत कुठंच नाही."

"हे कशावरून कळतं?"

मग मी स्लाइड कशी करतात, रंग कसा देतात, निरोगी पेशी कशी दिसते आणि बिघडलेली कशी, हे सगळं सांगितलं. जरा ऐटीतच. मंडप चिडीचूप ऐकत होता, ते मला आवडलं. आणि त्या भरात मी बोलून गेलो, "महाराज, तुमच्या पोथीत सगळंच सांगितलेलं असतं म्हणतात. मग ह्या आजाराचंही असेल. मला कशाला विचारता?"

मागं कुजबुज झाली. आण्णानं मान खाली घातली. महाराज रागावले नाहीत. कुणी लहान मुलानं मध्येच काही विचारावं तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"पोथीत इतकंच आहे की उपाय नसेल तरच हे व्रत द्यावं. उपाय असताना दिलं तर तो घात, आणि दोष देणाऱ्याला. आता उपाय आहे की नाही, हे पोथी कशी सांगणार? ते ज्याला ठाऊक असेल त्याला विचारायचं. पोथी तुमच्यापाशी येऊन थांबते डॉक्टर. म्हणून बोलावलं."

मी मांडी बदलून बसलो.

"अजून एक ऐका," ते म्हणाले. "हे व्रत म्हणजे सल्लेखना, ती दोन तऱ्हेची असते. एक मुदतीची. इतके दिवस आहार कमी करीन, मुदत संपली की पुन्हा विचार करीन. दुसरी कायमची. ती घेतली की मागं फिरता येत नाही, कुणी फिरवायचंही नाही. तुमच्या मनात तिळाएवढी शंका असली तरी मी मुदतीचं व्रत देतो. तुम्ही मुंबईला विचारा, लागतील तितके दिवस घ्या. मी इथून पुढं गेलेलो असेन, पण निरोप धाडा, चालत परत येईन. आणि शंका नसेल तर आजच कायमचं देतो. बाईंची तीच इच्छा आहे." ते थांबले. "सांगा. शंका आहे?"

मंडपाबाहेर कुणाची तरी बैलगाडी चालली होती, तिच्या चाकांचा आवाज मला अजून ऐकू येतो. आत्ती माझ्याकडं बघत होती. आण्णाही बघत होता. मी क्षणभर थांबलो. किती? फार तर तीन श्वास. का थांबलो ते पुढं सांगतो.

"नाही," मी म्हणालो. "शंका नाही."

महाराजांनी पिंछी उचलली.

व्रत घेण्याआधी सगळ्यांची क्षमा मागायची आणि सगळ्यांना क्षमा करायची असते. आत्ती उठली आणि एकेकापुढं जाऊन हात जोडू लागली. शेजारणीपुढं, चुलत भावजयीशी भांडण होतं तिच्यापुढं, गडी कामाला होता त्याच्यापुढं. आण्णापुढं आली तेव्हा तो लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडला. मग माझ्यापुढं.

"भूपाल, माझ्या हातून तुझं काय वाईट झालं असलं तर क्षमा कर बाबा."

उलट म्हणायचं असतं ते मी म्हणालो, "आत्ती, माझंही काही चुकलं असलं तर क्षमा कर."

"असलं तर म्हंजी?" तिच्या डोळ्यांत जुनी मिश्कील चमक आली. "काय चुकलं ते सांग की."

"काय नाही गं."

"न्हाई? मग क्षमा कशाची करू?" ती हसली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि पुढच्याकडं गेली. आण्णा शेजारीच होता. त्यानं हे ऐकलं.

एकोणीस दिवस लागले. आधी धान्य सुटलं, मग दूध, मग ताक, शेवटी फक्त कोमट पाणी. मी लॅब बंद ठेवून गावीच राहिलो. बायका आळीपाळीनं येऊन स्तोत्रं म्हणायच्या. ती शुद्धीत होती, शांत होती, कण्हली नाही. जे पाहिलं ते सांगतो, ते नाकारण्यात अर्थ नाही: मी असं मरण त्याआधी पाहिलं नव्हतं. सोळाव्या दिवशी मी वाटी तिच्या ओठांना लावली तर ती पुटपुटली, "चार घड्या हायेत न्हवं?"

"आहेत आत्ती."

दोन दिवसांनी तिनं पाणीही सोडलं. एकोणिसाव्या दिवशी सकाळी, आण्णा तिच्या कानाशी णमोकार मंत्र म्हणत असताना, ती गेली. महाराज तेव्हा चार गावं पुढं गेले होते. गावानं तिला बसवून मिरवत नेलं. जिथं दहन झालं तिथं पुढं दगडात तिची पावलं कोरून बसवली. दर वर्षी त्या तिथीला तिथं शे-दोनशे माणसं जमतात. आण्णा लोकांना सांगायचा, "आमच्या आत्तीसारखं मरण यायला पुण्याई लागते." आणि माझ्याकडं वळून म्हणायचा, "हा होता म्हणून सगळं वेळेत झालं."

अठरा वर्षं गेली. लॅब मोठी झाली, एक तरुण डॉक्टर मदतीला आली. तिच्या आग्रहावरून नव्या पद्धतीचे रंग आणले. जुन्या रंगानं पेशी कशी दिसते एवढंच कळायचं, ह्या रंगानं ती मुळात कुठल्या जातीची आहे ते कळतं. रंग नीट चालतोय का हे तपासायला जुने नमुने लागतात. आमच्याकडं प्रत्येक तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून, नंबर घालून ठेवलेला असतो. तो पन्नास वर्षंही टिकतो.

त्या दिवशी तो ठोकळा उगाच हाताला लागला, असं मी लॅबमध्ये सांगितलं. खोटं आहे. मी कपाटापुढं स्टूल घेऊन तासभर तो नंबर शोधला होता.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्लाइड घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "सर, ह्याच्यावर पसरलेला कार्सिनोमा असं कुणी लिहिलंय? लिम्फोमा आहे हा. बघा, सगळ्या पेशी तपकिरी झाल्यात." मी पाहिलं. गाठीतल्या गाठीतच उपजलेला आजार. दुसरीकडून कुठून काही आलेलं नव्हतं.

"तेव्हा औषधं होती ह्याच्यावर," ती म्हणाली. "दहातले चार तरी वाचायचे. काय झालं पेशंटचं?"

"गेली," मी म्हणालो.

वय सदुसष्ट होतं, औषधं झेपली असती की नाही, ती त्या चारांत असती की सहांत, हे मला सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही. पण 'उपाय नाही' हे खरं नव्हतं. आणि आता ते क्षणभर थांबण्याचं सांगतो. मंडपात महाराजांनी शंका आहे का म्हणून विचारलं तेव्हा मला ती कड दिसली होती. आत्तीनं बोट ठेवलेली. कार्सिनोमाच्या पेशी एकमेकींना चिकटून, घोळक्यानं राहतात, लिम्फोमाच्या सुट्या असतात, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. मधल्या गठ्ठ्यांवर मी विश्वास ठेवला, कडेच्या सुट्या पेशी विस्कटल्यात म्हणून सोडून दिल्या. मुंबईला स्लाइड पाठवली असती तर दोन-तीन आठवड्यांत कळलं असतं. तिकडं ह्यातली मुरलेली माणसं होती. पण दीडशे माणसांपुढं, इतकं ऐटीत सांगून झाल्यावर, अंगावर वस्त्र नसलेल्या एका साधूला 'हो महाराज, थोडी शंका आहे' असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. शंका ठेवायला त्यांच्या पोथीत जागा होती. मला तेवढीही ठेवायची नव्हती.

महाराज तोवर हयात नव्हते. तो रिपोर्ट मी वर्षभर पाकिटात घेऊन हिंडलो. गाळणीचं फडकं दिसलं की त्याच्या घड्या मोजायचो. रिकाम्या लॅबमध्ये कुणी स्टूल सरकवलं की वाटायचं, आता ती विचारणार, असं का?

भाद्रपदात आमचं दहा दिवसांचं पर्व संपलं की क्षमावणीचा दिवस येतो. त्या दिवशी घरोघर जाऊन, हात जोडून, वर्षभरातल्या चुकांची एकमेकांची क्षमा मागायची. आण्णा दर वर्षी गावाहून पहिल्या एसटीनं माझ्याकडं यायचा. साठी ओलांडली तरी चुकला नाही. त्या वर्षीही आला. चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि हात जोडायला लागला, तेवढ्यात मी म्हणालो, "आण्णा, थांब. आधी बैस."

मी त्याला सगळं सांगितलं. पाकिटातला कागद काढून पुढ्यात ठेवला. इंग्रजीतला तो मजकूर त्याला वाचता येणार नव्हता, तरी त्यानं घेतला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"म्हंजी औषध होतं?"

"होतं. लागू पडलंच असतं असं नाही. पण होतं."

"मी मुंबईला न्हेऊ या म्हणालो होतो."

"हो."

तो कागदाच्या घडीवरून अंगठा फिरवत राहिला. मग मंडपात महाराजांनी विचारलं होतं तेच त्यानं विचारलं. "शंका होती तुला?"

"होती," मी हात जोडून म्हणालो.

आतून सुनेनं चहा झाला म्हणून हाक मारली. आण्णा उठला. मला वाटलं आत जाईल, तर तो दाराकडं गेला आणि भिंतीला धरून चपला घालू लागला. एक चप्पल उलटी पडली होती, ती त्यानं पायानं सुलटी केली.

"तिनं इचारलं होतं की तुला," माझ्याकडं न बघता तो म्हणाला. "काय चुकलं ते सांग म्हणून. मी शेजारीच हुतो."

तो जिना उतरून गेला. हात त्यानं जोडले नाहीत. माझे जोडलेलेच राहिले होते. पुढच्या वर्षी क्षमावणीला मी पहिल्या एसटीपासून शेवटच्या एसटीपर्यंत दार उघडं ठेवून बसलो होतो.